बिघडली मोटर, फेकायचा ओव्हन?



मायक्रोवेव्हमधली काचेची ताटली फिरेनाशी झाली, की अन्न एकीकडे कढत तर दुसरीकडे गार राहते. दोष बहुधा ताटलीखालच्या ३-४ वॅटच्या चिमुकल्या मोटरचा असतो. ती बदलता येते. तरी आपण म्हणतो, ‘जुना झाला, नवीनच घेऊ.’

पैसे आपले, मग बिघडले कुठे? शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत घरगुती उपकरणांचे मोठे कारखाने आहेत. आपल्याच भागातली माणसे तिथे पाळीवर जातात. चालू शकणारी वस्तू टाकताना असेच कुणाचे तरी कष्ट आपण भंगारात घालतो. नव्या खरेदीने कामगाराला काम मिळते, हे खरे; पण दुरुस्तीनेही कारागिराची चूल पेटते. दौंड जंक्शनवर एक सुटा भाग गेला म्हणून कोणी इंजिन मोडीत काढत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले, की फेकून देण्याची ही वृत्ती वस्तूंवर थांबत नाही, ती माणसांनाही वगळते.

मात्र प्लग काढल्यावरही ओव्हनच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. म्हणून काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

घरातले थकलेले माणूस आपण बदलत नाही, सांभाळतो. सांभाळण्याची ही सवय लहानसहान वस्तूंपासूनच लागते.