शिवेबाहेरचा देव

आमच्या गावचा भैरवनाथ शीव ओलांडत नाही. चैत्रात जत्रा भरते, रात्री छबिना निघतो, पालखी वेशीपर्यंत येते आणि तिथूनच मागे फिरते. पुढं का नेत नाहीत, असं मी लहानपणी आत्याला विचारलं होतं. "पुढं दुसऱ्याचं राज," एवढंच ती म्हणाली. खटाव तालुक्यातलं, पाण्याची कायम बोंब असलेलं गाव. निम्मी माणसं मुंबईत. वडील परळला गिरणीत होते आणि गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे. तीस-पस्तीस वळकट्या, तीन पाळ्या, एक खानावळ. जत्रा आली की अख्खा गाळा एसटीनं गावी. जत्राच मुंबईत भरवू, असं त्या तीस-पस्तिसांतल्या एकाच्याही मनात कधी आलं नसावं.

२००१ साली मी नर्स म्हणून इंग्लंडला निघाले. आईनं गावच्या वेशीवर नारळ फोडला. सासूबाईंनी खंडोबाचा चांदीचा टाक फडक्यात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवला. "तुझा नाथ तितंच ऱ्हाणार. ह्यो मातुर तुज्यासंगं येतुया." ग्रामदैवत जमिनीचं, कुलदैवत रक्ताचं. एक जागचं हलत नाही, दुसरं पर्समधूनही येतं. बारा वर्षं हा हिशेब डोक्यात पक्का होता. तो बिघडला लंडनच्या पश्चिम टोकाला, रायस्लिपच्या एका मैदानावर, २६ मे २०१३ ला.

आमच्या वॉर्डातली एक सिनियर सिस्टर आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातली. तीस वर्षं लंडनमध्ये काढलेली, आणि तरी "घरी" म्हणाली की ते स्लायगो. तिनं मला ओढूनच नेलं. सामना गेलिक फुटबॉलचा, लंडन विरुद्ध स्लायगो. हा खेळ आपल्याकडं फारसा कुणी पाहिलेला नाही. प्रत्येक बाजूला पंधरा जण, चेंडू हातानंही खेळायचा आणि पायानंही. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर तेव्हाच्या नियमानं एक. खेळणाऱ्याला पगार नाही. शनिवारपर्यंत विटा उचलणारा किंवा शाळेत शिकवणारा रविवारी मैदानात. लंडनचा हा संघ आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत खेळतो. दिल्लीच्या कॉनॉट प्लेसला ज्या ड्यूकचं नाव आहे, त्याची पदवी या प्रांतावरूनच आलेली. १९९९ पासून न्यूयॉर्कही याच प्रांतात खेळतं. भूगोलाच्या मास्तरांनी कपाळाला हात लावावा असा प्रकार.

मैत्रिणीच्या गळ्यात स्लायगोचा काळा-पांढरा मफलर. लंडनच्या पोरानं लांबून सुंदर गुण घेतला तशी तिनं टाळी वाजवली, मग मफलरकडं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून दिले. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा मी तिच्याकडं बघायचं टाळलं. लंडनच्या संघातली बरीचशी पोरं २००८ च्या मंदीनंतर काम शोधत आलेली, म्हणजे तिच्यासारखीच. शेवटी लंडन एका गुणानं जिंकलं: एक गोल आणि बारा गुण विरुद्ध नुसते चौदा गुण. या स्पर्धेतला त्यांचा १९७७ नंतरचा पहिला विजय. लोक मैदानात धावले. ही बाकावरच बसून डोळे पुसत होती. "हरलं कोण, तेच कळत नाहीये मला," म्हणाली.

परतताना बसमध्ये तिनं सांगितलं की या खेळाच्या संघटनेच्या नियमांतच आहे: माणूस कुठंही गेला तरी त्याची निष्ठा पहिल्या, घरच्या क्लबाशी असते, आणि तिथं परत खेळण्याचा हक्क त्याला कायम असतो. हा क्लब कुठल्या हद्दीचा? तर पॅरिशचा, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या गावांचा. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. १ नोव्हेंबर १८८४ ला थर्लस गावच्या हेझ हॉटेलात मायकल क्यूसॅक आणि मूठभर लोकांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जी-ए-ए, काढली. आर्चबिशप क्रोक तिचे आश्रयदाते झाले. डब्लिनच्या ब्याऐंशी हजारांच्या मैदानाला नाव त्यांचंच. पुढं कितीतरी वर्षं मोठ्या सामन्याचा चेंडू बिशपच्या हातून टाकला जाई आणि कर्णधार आधी त्यांच्या अंगठीचं चुंबन घेई. हे ग्रामदैवतच. पालखी आहे, मानकरी आहेत, हद्द आहे.

देवस्थान म्हटलं की सोवळं आलंच. क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी हे परके खेळ ठरले. खेळणारा तर गेलाच, नुसता बघायला गेलेलाही बाटला. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड आयर्लंड-पोलंड फुटबॉल सामन्याला पदाच्या रिवाजानं जाऊन बसले, आणि आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाला जी-ए-एनं आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून रानडे-टिळकांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. हाइड यांनी तर घोटही घेतला नव्हता, फक्त पाहिलं होतं. आणि क्यूसॅक स्वतः तरुणपणी क्रिकेट, रग्बी दोन्ही खेळलेला! ही बंदी उठायला १९७१ उजाडलं. रॉसकॉमनच्या जी-ए-ए मैदानाला आज हाइड यांचं नाव आहे. स्लायगोनंतर लंडननं लीट्रिमला हरवलं ते तिथंच. पुढं अंतिम सामन्यात मेयोनं लंडनला धुऊन काढलं, ते सोडा.

मग इतका सोवळ्यातला देव शीव ओलांडून गेला कसा? माझा प्रश्न तिथं सुरू झाला.

त्याला गावानं पाठवलं नाही. उपासमारीनं पाठवलं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. सगळ्यांत काळं वर्ष १८४७. बरोबर शंभर वर्षांनी, १४ सप्टेंबर १९४७ ला, जी-ए-एनं अखिल आयर्लंड फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्कला नेला. आपलं स्वातंत्र्य तेव्हा महिन्याचं व्हायला एक दिवस कमी होता. आधी बैठकीत विरोध होता. सांगतात, की कुणा परदेशस्थाचं काळीज पिळवटणारं पत्र वाचून दाखवलं गेलं आणि सभा पाघळली. असंही सांगतात, की ते पत्र खरं नव्हतंच. असेना. आमच्या नाथाच्या स्थळकथेतली गायही कुणी पाहिलेली नाही.

मैदान होतं पोलो ग्राउंड्स, बेसबॉलचं. उन्हानं टणक झालेली जमीन, आणि चेंडू फेकणाऱ्यासाठी मधेच केलेला उंचवटा तसाच ठेवलेला. तिथं कॅव्हन आणि केरी पडत-झडत खेळले. मीहॉल ओ'हेहिर हे समालोचक. रेडिओची लाइन ठरावीक वेळेपुरतीच घेतलेली, सामना सुरू व्हायला उशीर झालेला. शेवटी ते माइकवरूनच, मधे कुणी ऐकत असेल तर आणखी पाच मिनिटं द्या, अशी विनवणी करू लागले. लाइन राहिली. कॅव्हन जिंकलं. पुढं ते मैदान पाडलं आणि तिथं राहण्याच्या उंच इमारती उठल्या. परळच्या गिरण्यांकडून जाताना मला हे हटकून आठवतं.

माझ्या वडिलांच्या गाळ्यानं जे कधी मनात आणलं नाही, ते या लोकांनी करून पाहिलं. एकदाच. अंतिम सामना पुन्हा कधी देशाबाहेर नेला नाही. मला वाटतं, त्यांनाही उमगलं असावं की पालखी समुद्रापार नेली म्हणून नाथ तिथला होत नाही. मग तिथं जे राहतं ते काय? लंडन, न्यूयॉर्क, बॉस्टन, सिडनी, इथले क्लब त्याच सुमाराला काय होते? माझ्या वडिलांचा गाळा. उतरलेल्या पोराला खोली, मुकादमाशी ओळख, रविवारी आपल्या बोलीतल्या शिव्या. ग्रामदैवत गावी राहिलं आणि परदेशी त्याचं कुलदैवत झालं. रक्ताबरोबर जाणारं.

तेवढ्यावर माझं समाधान झालंही असतं. पण अर्जेंटिनाची गोष्ट कळली.

गेलिक खेळांतला दुसरा, खरं तर थोरला, हर्लिंग. काठीनं चेंडू मारायचा खेळ. रायस्लिपला ती काठी मी हातात घेऊन पाहिली. कंबरेपर्यंत येणारी, टोकाला तळहातासारखी पसरट, फुटू नये म्हणून त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. ती ॲश नावाच्या झाडाच्या अगदी बुंध्यातून काढतात, जिथं खोड मुळांकडं वळतं. त्या वळणाबरोबर लाकडाची रेघही वळते, म्हणून काठी वाकते पण मोडत नाही. बोट फिरवलं तर ती रेघ लागते हाताला. आयरिशमध्ये काठीचं नाव आपल्या 'कमान'च्या अगदी जवळचं, आणि मुळात अर्थही वाकडी असाच. निव्वळ योगायोग, पण मी खूश झाले.

ब्युनोस आयरिसला आयरिश वस्ती मोठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं हर्लिंग चांगलं रुजलं होतं. पहिलं महायुद्ध आलं आणि आयर्लंडहून काठ्या येणं थांबलं. तिथल्याच एका लाकडाच्या काठ्या करून पाहिल्या, तर त्या जड झाल्या आणि लवेनात. युद्धानंतर खेळ पुन्हा उभा राहिला, पण दुसऱ्या महायुद्धानं तो संपवला. तिथला हर्लिंग क्लब आजही आहे. त्यात रग्बी आणि हॉकी खेळतात. म्हणजे ज्यांच्या सावलीनं माणूस बाटत होता, तेच दोन. रक्त तेच, आडनावं तीच, पाटीही तीच. देव्हारा जागेवर आहे आणि कुळाचार बंद पडलाय.

म्हणजे रक्त पुरत नाही. जमीनही पुरत नाही, कारण आता खुद्द आयर्लंडमध्ये ॲश झाडांना बुरशीचा रोग लागलाय. २०१२ मध्ये तो तिथं सापडला. काठ्यांचं बरंचसं लाकूड आधीपासून बाहेरूनच येत होतं, आणि क्लेअर परगण्यातल्या एका कारागिराकडं आता बांबूच्या काठ्या होतात. बांबू! नाथाच्या काठीला लागतो तो. मग खेळ जगतो कशावर?

युरोपात आज उलटंच चित्र दिसतं. फ्रान्सच्या ब्रिटनीत, स्पेनच्या गॅलिसियात असे संघ आहेत ज्यांत आयरिश माणूस औषधापुरता. तिथलेच मास्तर, सुतार, कॉलेजची पोरं-पोरी. स्वतःचं मैदान नसतं. रग्बीचं एका रविवारपुरतं मागून घ्यायचं, पंधराऐवजी अकराच खेळवायचे, संध्याकाळी सगळं उचलून न्यायचं. पार्थिव पूजेसारखं. मांडलं, आवाहन केलं, विसर्जन केलं. आ कोरुन्या शहरातल्या क्लबाचं नाव 'ब्रेओगानची लेकरं' असं आहे. जुन्या आयरिश पुराणात हा ब्रेओगान याच शहराच्या किनाऱ्यावर मनोरा बांधतो, त्याचा मुलगा त्यावरून आयर्लंड पाहतो आणि त्याचे वंशज तिथं जाऊन वसतात. खेळ आधी आवडला, नातं मागून शोधलं. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली. "असे आमचे कसे होतील ते?" म्हणाली.

मी काही बोलले नाही, पण मनात म्हटलं, बाई, हे मला विचार. माझा जन्म जोतिबाच्या कुळातला. तेविसाव्या वर्षी लग्न झालं आणि एका दुपारी माझा देव बदलला. खंडोबाशी माझा रक्ताचा काडीचा संबंध नव्हता. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा करतात हे मला सासूबाईंनी सांगितलं, तेही चुलीपाशी, चिडचिडत. आज तेविसाच्या दुपटीहून जास्त वय झालं. टाक मी घासते, तळी मी भरायला लावते, षड्रात्र कधी बसतं ते घरात मला एकटीला ठाऊक असतं. नवरा, ज्याचं ते रक्त, विचारतो, "आज काय आहे गं?" आमच्याकडं कुलदैवत म्हणतात ते कुळाचं, पण ते सांभाळत आल्या त्या परक्या घरातून आलेल्या बायका. एकाही पिढीत ते रक्तावर चाललेलं नाही. ब्रिटनीतली ती पोरं मला सुनांसारखी वाटतात. आणि सासरची माणसं नेहमी विचारतात तेच त्यांनाही विचारलं जातं.

गेल्या वर्षी माझा आठ वर्षांचा नातू इथल्या एका क्लबात जायला लागला. क्लबाचं नाव आयरिश, ते त्याला नीट म्हणता येत नाही. पाय चिखलात, जर्सी ढोपरापर्यंत. मैत्रीण आता निवृत्त होऊन स्लायगोला परतली आहे. तिनं त्याच्यासाठी काळा-पांढरा मफलर पाठवला. तो त्यानं हिरव्या जर्सीवर घातला आणि फोटो काढायला लावला.

तो फोटो मी गावी पाठवला. रविवारी आत्याचा फोन आला. वय अठ्ठ्याऐंशी, पण आवाज जत्रेतल्या निवेदकासारखा.

"कंच्या गावाकडनं खेळतंय गं पोरगं?"

"रायस्लिपकडनं, आत्या."

"आन् तितला देव कोन?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नातू अंगणात चेंडू भिंतीवर मारत होता.

"विचारून सांगते," मी म्हटलं.