वाळूतील अमानत



रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे गाव आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासवे रात्रीच्या अंधारात तेथील किनाऱ्यावर येतात. मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, ती वाळूने झाकते आणि समुद्रात परतते. पिलांना पाहण्यास ती पुन्हा येत नाही. वाळूच्या उबेनेच दीड-दोन महिन्यांत पिले बाहेर येतात. पृथ्वीवरील प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे, असे दिव्य कुरआनच्या सूरह हूदमध्ये सांगितले आहे. या घरट्यात त्याचा प्रत्यय येतो.

परंतु ही अमानत माणसानेच लुटली. कोल्ह्या-कुत्र्यांप्रमाणे माणसेही ही अंडी उकरून नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने अंडी जपण्यास आरंभ केला. अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तितक्याच खोल वाळूत पुरतात आणि पिले निघाली की किनाऱ्यावर सोडतात.

एका प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलली. ती कासावीस होऊन घिरट्या घालू लागली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तिची पिले तिला परत करण्याची आज्ञा दिली. पिलाला त्याच्या स्थानी पोहोचविणे ही आपल्या रसूलची शिकवण आहे.

मात्र येथे दयेचीही परीक्षा आहे. पिलू लाटेने मागे फेकले जाते, पुन्हा चालू लागते. ते पाहून त्याला उचलून पाण्यात ठेवावे असे आपल्याला वाटते. तसे करू नये. ते समुद्रावरील उजेडाच्या रोखाने चालते, म्हणून आपल्या हातातील बॅटरीही त्याची वाट चुकवू शकते. मोठी होईपर्यंत त्यांतील फार थोडी जगतात, तरीही ही चाल त्याची त्यानेच चालायची आहे.

उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण जाणतो. कुंपण घालणे, वाटेतील अडथळे दूर करणे, दिवा विझविणे म्हणजे उंट बांधणे होय. त्यानंतर बाजूला होणे हा तवक्कुल. पहिले काम आपण उत्साहाने करतो, दुसरे जड जाते. आपल्या मुलाबाळांच्या बाबतीतही असेच घडत नाही काय? तरबियत द्यावी, दुआ करावी आणि त्यांना त्यांच्या पायांनी चालू द्यावे.

आपणास किनाऱ्यावर घरटे आढळल्यास ते उकरू नका; वनविभागास कळवा. कायद्यानेही या जीवाला संरक्षण दिले आहे आणि अमानतीत खयानत करणे मोमिनास शोभत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या सृष्टीवर दया करण्याची आणि त्याच्यावर भरवसा ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.