टीझलचं कुल कुणी मोडलं?

वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक परिचित परवा बोलता बोलता म्हणाले, "डिप्सॅकेसी आता विसरा. डीएनएनं ते कुल चुकीचं ठरवलं." हे वाक्य तेव्हापासून मला टोचतं आहे, कारण डीएनएनं असं काहीही ठरवलेलं नाही.

टीझल, स्केबियस यांचं हे कुल तपासणीत एकसंधच निघालं. गडबड होती शेजारी, हनीसकलच्या कॅप्रिफोलिएसीत. त्या कुलाच्या जुन्या सीमा टिकेनात. उपाय दोनच होते: त्याची लहान लहान कुलं करायची, नाहीतर टीझल आणि आपल्या केशतेलातली जटामांसी यांच्या कुलांसकट सगळ्यांना एकत्र घ्यायचं. सपुष्प वनस्पतींच्या २००३ च्या एपीजी वर्गीकरणानं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. त्याच्याच २००९ च्या आवृत्तीत एकत्रीकरण पक्कं झालं. नातं डीएनएनं दाखवलं, कुंपण माणसांनी घातलं.

दिसणं आणि नातं यांत मी नेहमीच फरक करत आलो आहे. टीझलचं काटेरी बोंड पाहून कुणीही त्याला सूर्यफुलाच्या कुलात टाकील. पण भिंग लावा. सूर्यफुलाचे परागकोश एकमेकांना चिकटून नळी होते, टीझलचे सुटे असतात. सूर्यफुलात बीजक तळातून उभं राहतं, इथे ते वरून लोंबतं. शिवाय प्रत्येक किंजपुटाभोवती एक वेगळं आवरण. आणि फुलणं तर पाहत राहावं असं: आधी बोंडाच्या मध्यावर जांभळा पट्टा उमटतो, मग त्याचे दोन होतात, एक वर सरकतो, दुसरा खाली.

या बोंडानं माणसाचं कामही केलं आहे. इंग्लंडात सॉमरसेटला लोकरी कापडासाठी टीझलची शेती होत असे. बोंडांवरची आकड्यांसारखी वळलेली छदं कापडावर फिरवली की लव उभी राहते. आकडा धाग्यात जास्तच गुंतला तर तो स्वतः तुटतो, कापड शाबूत राहतं. धातूच्या तारेला हे जमत नाही. रानटी टीझलची छदं सरळ असतात, त्यामुळे ती या कामी निरुपयोगी.

इतक्या ठसठशीत ओळखीचं कुल मोडायला नको होतं, असंच मी मांडणार होतो. पण किंजपुटानं मला अडवलं. हनीसकलमध्ये कप्प्याकप्प्यांत अनेक बीजकं असतात. लिनियसची लाडकी लिनिया घ्या: तीन कप्पे, पण बी धरतो एकच. जटामांसीतही तसंच, तीनातले दोन रिकामे. टीझलमध्ये उरतो एकच कप्पा आणि त्यात एकच बीजक. ही वंशावळीची सरळ शिडी नव्हे, हे मान्य. तरी निरनिराळ्या कुलांच्या प्रकरणांत विखुरलेली ही घट एकत्रित कुलात शेजारीशेजारी दिसते. ते पाहिल्यावर मला २००९ चा निर्णय पटतो.

मात्र टीझलचा गट डिप्सॅकॉइडी या उपकुलाच्या नावानं, आपल्या सगळ्या खुणांसकट शिकवला जावा. आणि २००३ ची दुसरी, लहान कुलांची वाटही मुलांना सांगावी, म्हणजे निवड कुणी केली ते त्यांना कळेल.