डाव संपतो, खेळ संपत नाही

मराठी भाषेने ‘खेळ’ आणि ‘डाव’ हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, हे आपण बोलण्याच्या ओघात विसरून जातो. डाव मांडला जातो, रंगतो, उलटतो आणि शेवटी संपतो. अंगणातली मुले आईला ‘शेवटचा एक डाव’ असे विनवतात. ‘शेवटचा एक खेळ’ असे कोणी म्हणत नाही. डावाला शेवट असतो आणि तो खेळणाऱ्यांनी आधीच मान्य केलेला असतो. व्हिडिओ गेमच्या बऱ्यावाईटाचा विचार करताना भाषेतला हा भेद फार उपयोगी पडतो, असे आम्हांला वाटते.

“फादर, हे मोबाईलवरचे खेळ वाईटच ना?” असा प्रश्न धर्मग्रामातील पालक आम्हांला वारंवार विचारतात. प्रश्न विचारतानाच उत्तर ठरलेले असते. आमच्याकडून हवा असतो तो केवळ शिक्कामोर्तब. परंतु ‘होय’ म्हटल्याने मूल खेळायचे थांबत नाही आणि ‘नाही’ म्हटल्याने पालकांची काळजी मिटत नाही. म्हणून प्रश्नच जरा निराळ्या रीतीने विचारून पाहू.

खेळ ही क्षुद्र गोष्ट आहे, असे आपल्या भूमीने कधी मानले नाही. शहागंजापासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. तेथील २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेली शिल्पकारांनी कोरली आहेत. याच जिल्ह्यात, पैठणजवळ गोदाकाठी आपेगाव आहे. तेथील ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने मोक्षपटाचा संबंध जोडला आहे. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेला हा पट पुढे ‘सापशिडी’ होऊन घरोघर पोहोचला. त्या पटाला शेवटचे घर आहे. तेथे पोहोचले की सोंगटी थांबते.

ख्रिस्ती विचारही याहून वेगळा नाही. जखऱ्या संदेष्ट्याला पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे दर्शन झाले, तेव्हा त्याला रस्त्यांत काठी टेकून बसलेले वृद्ध दिसले आणि खेळणारी मुले-मुली दिसली. शहरात शांती नांदते आहे याची त्याच्या लेखी हीच खूण होती. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर खेळात योग्य माप राखणे हा एक सद्गुणच मानला. शिष्यांसह खेळताना दिसलेल्या संत योहानाची जुनी कथा ते सांगतात. कोणी तरी नाके मुरडली, तेव्हा योहानाने एका धनुर्धराला बाण सोडायला लावले आणि विचारले, असे अखंड करशील काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने त्यांना समजावले. थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. खेळात अतिरेक करणारा जसा दोषी, तसाच स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालणाराही दोषी, असे ते बजावतात. आम्हां उपदेशकांना हे दुसरे वाक्य अधिक लागू पडते!

आता व्हिडिओ गेमकडे वळू. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ शहागंजात विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान चालवतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास. या खेळांचा त्यांना लहानपणापासून शौक आहे. जुनी यंत्रे त्यांनी फडक्यात गुंडाळून जपली आहेत आणि सवड मिळेल तशी ती चालू करून ते खेळतात. या विषयावर त्यांच्याइतके अनुभवाचे बोल आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकले नाहीत.

त्यांची पहिली आठवण पार्लरमधली, शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जाई तेव्हाची. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० चा ‘पॅकमॅन’ यांनी जगभर लोकप्रिय केलेली ती उभी पेटी. नाणे टाकायचे, उभ्याने खेळायचे आणि ‘आऊट’ झाले की बाजूला व्हायचे. मागे रांगेत उभे असलेले डोळे सतत पाठीवर असत. “पेटीवाला आम्हांला लुटत होता, पण मोजून लुटत होता,” असे ते म्हणतात. खेळ लवकर संपण्यातच मालकाचा फायदा होता. त्यामुळे पेटी निष्ठुर होती खरी, पण ती खेळणाऱ्याला घरी जाऊ देत असे.

मग घरातल्या दूरदर्शन संचाला जोडायचे यंत्र आले. जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ काढला. त्याच धर्तीची यंत्रे आपल्याकडे ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आली. खेळाच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची! वेष्टनावर ९९९९ खेळ लिहिलेले असत आणि आत तेच ते मोजके खेळ फिरून फिरून येत. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आरंभी तीन जीव मिळत. केलेली वाटचाल साठवून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की मिळवलेले सारे राज्य गेले. ‘काँट्रा’ हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. त्यात धबधबा चढून जाण्याचा एक टप्पा आहे. वरचा भिडू घाईने पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि खालचा भिडू मरतो. “भावासाठी थांबायला मी तिथे शिकलो,” असे हे गृहस्थ सांगतात.

पुढे संगणक आला. १९८९ मध्ये जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने रचलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ त्यांना आजही सर्वांत प्रिय आहे. आमच्या आग्रहाखातर त्यांनी तो आम्हांलाही खेळू दिला. त्याचा नियम मार्मिक आहे. राजकुमार कितीही वेळा मेला तरी पुन्हा उठतो. पण राजकन्येला सोडवण्यासाठी मिळून साठच मिनिटे आहेत आणि मरणामुळे घड्याळ मागे जात नाही. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली रोज वावरणाऱ्या माणसाला हा खेळ आवडावा, यात नवल नाही. चूक क्षम्य आहे, गेलेली वेळ मात्र परत मिळत नाही, हा धडा कितीतरी प्रवचनांहून नेमका आहे.

१९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या फोनवर साप आला. तो खाईल तसा लांब होतो आणि भिंत चुकवता चुकवता शेवटी स्वतःच्याच अंगावर आपटून मरतो. त्याच्या वाढीतच त्याचा शेवट दडलेला असतो.

आणि मग आजचा स्मार्टफोन. येथे आमच्या स्नेह्यांचा सूर बदलतो. चित्रे अप्रतिम, आवाज खरे, खेळ फुकट. तरी काही तरी हरवले आहे, असे त्यांना वाटते. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’मध्ये पाच जीव असतात. ते गेले की दर अर्ध्या तासाने एक जीव परत मिळतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजून घेता येतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘पब्जी मोबाईल’मध्ये शंभर खेळाडू मैदानात उतरतात, वर्तुळ आवळत जाते आणि अर्ध्या तासाच्या आसपास डाव निकालात निघतो. म्हणजे डावाला येथेही शेवट आहे. परंतु डाव संपताच नवे बक्षीस, नवी पायरी आणि नवा हंगाम समोर उभा राहतो. आज आला नाहीत तर आजचे बक्षीस बुडाले, असे खेळ बजावतो. “पूर्वी मी खेळ बंद करत होतो किंवा खेळ मला बाद करत होता,” ते म्हणाले. “आता डाव संपतो, खेळ संपत नाही.”

आमच्या मते सारा नैतिक प्रश्न या एका वाक्यात सामावला आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहिला. खेळाचे जे विशेष त्यांनी सांगितले, त्यांतील दोन आपल्या कामाचे आहेत: खेळ स्वेच्छेने खेळला जातो आणि त्याला काळाची व जागेची सीमा असते. ही दोन लक्षणे एकमेकांना धरून आहेत. सीमा पुसली की स्वेच्छाही हळूहळू झिजते. द्यूतसभेत युधिष्ठिराने एकामागून एक पण लावला, तेव्हा त्याला फासे टाकणे ठाऊक होते. उठणे तेवढे साधले नाही. ज्याला उठता येत नाही तो खेळत नसतो. त्याला कोणी तरी खेळवत असते. म्हणून ‘खेळ चांगला की वाईट’ यापेक्षा ‘या खेळातून मला उठता येते काय’ हा प्रश्न अधिक खरा आहे.

शेवट असला की खेळाचे मोल कमी होते, असे कोणी समजू नये. ‘पॅकमॅन’ अखंड चालावा अशी योजना होती. पण २५६ व्या टप्प्यावर यंत्राची मोजणी कोलमडते, अर्धा पडदा अक्षरांच्या गोंधळाने भरून जातो आणि पुढे जाता येत नाही. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. त्याच्या निंटेंडोवरील आवृत्तीत यंत्र हतबल होऊन थांबेपर्यंत कोणी माणूस पोहोचला नव्हता. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या एका मुलाने सुमारे ३८ मिनिटे खेळून ते केले. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले होते. त्याने तो विजय वडिलांना अर्पण केला. इंग्लंडमधील एका वृत्तनिवेदिकेने मात्र, हे काही जीवनाचे ध्येय नव्हे, बाहेर मोकळ्या हवेत जा, असा शेरा मारला. असा शेरा आपण सगळेच येता-जाता मारतो. परंतु त्या मुलाने जे केले त्यात साधना होती, शेवट होता आणि त्या शेवटी कोणाला तरी देण्याजोगे काही त्याच्या हाती होते. न संपणाऱ्या खेळातून असे अर्पण करण्याजोगे काय उरते, याचा विचार करावा.

या विवेचनावर आमच्या स्नेह्यांनी घेतलेला एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. त्यांचा भाऊ नोकरीनिमित्त आखातात असतो. रात्री दोघे फोनवर एकत्र खेळतात. “नुसता फोन केला तर दोन मिनिटांत बोलणे संपते,” ते म्हणाले. “खेळता खेळता तो मनातले बोलतो. हा खेळ संपू नये, असेच मला वाटते.” यावर आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही आणि आजही त्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढणार नाही. मात्र येथे न संपणारी गोष्ट खेळ नसून भावाचे प्रेम आहे. खेळ हे त्याचे निमित्त. उद्या तो खेळ बंद पडला तर दोघे भाऊ दुसरा शोधतील. जेथे खेळ गेल्यावर नातेही जाते, तेथे मात्र थांबून विचार करायला हवा.

कायद्याने हे काम होईल काय? २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन ज्या ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत ‘पब्जी मोबाईल’ होता. २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी निराळे नाव घेऊन आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून मनाई केली. ते योग्यच झाले, कारण तेथे संसार पणाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले, खेळावरचा ताबा सुटणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे यांची नोंद विकार म्हणून आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. केवळ रागावून भागत नाही. पण कायदा दार बंद करू शकतो, उठायला शिकवू शकत नाही. ते शिक्षण घरातच व्हावे लागते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी विराजमान झालेला कार्लो अकुटिस हा किशोर व्हिडिओ गेम खेळत असे आणि त्यासाठी त्याने आठवड्यातून एक तास ठरवून घेतला होता, असे त्याची चरित्रे सांगतात. एक तास हा काही सर्वांसाठी आदेश नव्हे. त्यात महत्त्वाचे हे, की मर्यादा त्याने स्वतः आखली होती.

पालकांना आमची विनंती एवढीच. मुलाच्या हातातून फोन हिसकावण्यापूर्वी ‘हा डाव किती वेळात संपेल?’ असे विचारा आणि तेवढा वेळ द्या. अर्ध्यातून उठलेल्या मुलामुळे त्याचे भिडू हरतात. त्याचा संताप दर वेळी उर्मटपणाचा नसतो, कधी तो दिलेल्या शब्दाचाही असतो. डाव संपल्यावर मात्र फोन खाली ठेवायचा, हा नियम घरात सर्वांना सारखा हवा. जेवणाच्या ताटाशी बसून स्वतः पडदा सरकवत राहणाऱ्या बापाला तो शिकवता येणार नाही. आणि कधी मुलाशेजारी बसून दुसरा रिमोट हाती घ्या. धबधब्यावर कोण कोणासाठी थांबतो, ते तुम्हांला कळेल, मुलालाही कळेल. मग डाव संपला की दोघांनी मिळून उठावे.