१२० दिवसांची वही

डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक अंगठ्यानं दाबा. पांढुरकं होईल. आता सोडा. लाली परत येते, ती येताना बघा. घाई नाही.

या लालीत आज मज्जेतून निघालेली पेशी आहे, आणि चार महिन्यांपूर्वीची, आता मोडायला आलेलीही. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. ज्या घरात मधुमेह आहे तिथं हे सांगायला नको. ‘तीन महिन्यांची साखर’ वाचतात ती यांच्यातूनच. हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाला व्हॅलिन असतं, साखर त्यालाच चिकटून बसते.

पण तिथं साखरच चिकटावी असं थोडंच आहे?

डोळे मिटा. स्वीडनचा दक्षिण भाग, १९९७. हालांडसोस डोंगरात रेल्वेचा बोगदा खणतायत आणि पाणी थांबत नाहीये. भेगा बुजवायला आत दाबलेल्या रसायनात ॲक्रिलामाइड आहे. ते पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. मासे मरतात, ते पाणी प्यालेल्या गाई उठेनात. बोगद्यातल्या काहींची बोटं बधिर होतात, हातापायांना मुंग्या येतात. ॲक्रिलामाइड स्वतः अंगात फार टिकत नाही. व्हॅलिनवरची त्याची खूण मात्र पेशी असेतोवर राहते. २१० कामगारांचं रक्त तपासलं. १६३ जणांत ती खूण नेहमीपेक्षा जास्त होती.

‘नेहमीपेक्षा’ या शब्दापाशी जरा थांबा. मी तरी तो आधी सरळ ओलांडून गेलो होतो.

तुलनेसाठी ज्यांचं रक्त घेतलं, ते बोगद्यात कधी गेलेलेच नव्हते. तरी थोडी खूण त्यांच्यातही होतीच, अगदी विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांतसुद्धा. ती आली कुठून? स्टॉकहोम विद्यापीठात मार्गारेटा टोर्नक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना तळलेलं खाद्य घातलं, तर त्यांच्या रक्तातली खूण वाढली. एप्रिल २००२ मध्ये जाहीर झालं: बटाटा, धान्य तळलं-भाजलं, तापमान १२० अंशांच्या वर गेलं, की ॲक्रिलामाइड आपसूक तयार होतं. उकडलेल्या बटाट्यात ते सापडलं नाही.

आता गेल्या एकादशीचे वेफर्स आठवा, त्यातला कडेनं तांबूस झालेला. कुरकुर ऐकू येते? त्याची बारीकशी नोंद या बोटात आहे. घाबरायचं नाही, नुसतं ध्यानात घ्यायचं.

आणि मग बोगद्यातल्या त्या माणसाकडे परत या. ऑक्टोबरात काम थांबलं. मज्जा रोज नव्या कोऱ्या पेशी सोडत राहिली, जुन्या खुणांसकट मोडत गेल्या. रक्त तेव्हाच काढलं म्हणून कळलं. वसंतात काढलं असतं, तर त्याची नळी आणि बोगदा न पाहिलेल्या शेजाऱ्याची नळी वेगळी ओळखता आली नसती, बोटांना मुंग्या येत असल्या तरी.