हौसेचे सुतारकाम व सुताराचा घास

मनुष्याची उपजीविका एका धंद्यावर चालत असता त्याने दुसऱ्याच्या धंद्याचे काम केवळ हौसेने आपल्या घरी करावे की न करावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक दिसतो. परंतु झाई, बोर्डी, तलासरी ह्या बाजूस तो वेळोवेळी निघत असतो. कोणी शिक्षक असतो, कोणी उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा असतो. तो थोडे पैसे साठवून करवत, रंधा, पटाशी व गुण्या विकत आणतो आणि सुटीच्या दिवशी ओटीवर बसून घरापुरता पाट किंवा फडताळ करू लागतो. त्याजविषयी दोन आक्षेप ऐकू येतात. एक म्हणतो, शिकलेल्या माणसास हे काम शोभत नाही. दुसरा म्हणतो, हा सुताराच्या तोंडचा घास काढतो. ह्या दोहोंचा विचार शांतपणे करावा असे आम्हांस वाटते.

पहिल्या आक्षेपास फार जागा देण्याचे कारण नाही. ह्याच मुलखात वारली बांधव रानातील लाकडाचे खांब रोवून, कारवीचा कूड विणून व तो शेणामातीने लिंपून आपले घर आपल्याच हातांनी, शेजाऱ्यांच्या साह्याने उभारीत आले आहेत. त्यात कमीपणा असतो असे त्यांस कधी वाटले नाही. फिनलंड देशात १८६६ सालीच खेड्यांच्या शाळांतील मुलग्यांस हातकाम शिकविणे सक्तीचे झाले. आपल्याकडे वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्य असावा असे मांडले. बोर्डीस १९४५ साली ताराबाई मोडक ह्यांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले, व पुढे ते अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथेही शंख-शिंपले, खडे व बिया हाताळूनच मुले शिकत. आणि ज्यास आपण प्रभू म्हणतो, त्यास त्याच्या गावचे लोक सुतार म्हणून हिणवीत होते, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतोच. हिणविणाऱ्यांच्या बाजूस बसण्याची आपली इच्छा नसावी.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण त्यात शेजाऱ्याच्या पोटाचा विचार आहे. देशावरील जुन्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या रांगेत असे. तो वर्षभर कुणब्याचे नांगर-कुळव नीट करी, आणि खळ्यावर त्यास धान्याचा वाटा मिळे. अशा व्यवस्थेत त्याचे काम टाळणे म्हणजे ठरलेला करार मोडणेच होय. आता तो करार उरला नाही. सुतार रोजावर किंवा उक्त्यावर काम करतो, आणि त्याच्या कामाची मोठी कपात झाली ती प्लायवूडच्या तयार कपाटांनी व प्लास्टिकच्या खुर्च्यांनी. जो मनुष्य बाजारातून तयार कपाट आणतो तोही सुताराकडे जात नाही. पण त्यास कोणी बोल लावीत नाही. मग ज्याने चार फळ्या स्वतः रंधल्या त्यासच दोषी का धरावे?

तथापि एवढ्याने आक्षेप पुरता फिटत नाही. समजा, त्या शिक्षकाचे फडताळ पाहून शेजारी म्हणाला, "गुरुजी, मलाही असेच एक करून द्या, पैसे देतो." गुरुजींचे पोट पगारावर भरते. म्हणून ते निम्म्या मजुरीत काम करून देऊ शकतात, आणि ज्याच्या घरची चूल त्याच मजुरीवर पेटते तो सुतार तेवढ्यात करू शकत नाही. येथे हौस ही अन्यायाचे हत्यार होते. ह्यावरून आम्हांस नियम असा दिसतो की, स्वतःच्या घरासाठी किंवा प्रेमाची भेट म्हणून खुशाल करावे. पण मोबदला घ्यावयाचा असेल तर सुताराचाच दर घ्यावा, नाहीतर शेजाऱ्यास सुताराचे घर दाखवावे.

ह्या हौसेने सुताराचा एक लाभही होतो. ज्याने एका लाकडात भोक पाडून दुसऱ्याचे कुसू त्यात घट्ट बसविण्याचा यत्न केला आहे, त्यास एका सांध्याला किती वेळ लागतो हे कळते. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, पण रुंदीत पावसाळी हवेने फुगते व उन्हाळ्यात आटते. म्हणून आषाढात अडकणारे दार उतावळेपणाने रंधले तर फाल्गुनात त्यास फट पडते. बोथट पटाशीस जोर अधिक लागतो व ती निसटून हात कापते, म्हणून जाणता कारागीर आधी धार लावतो आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवतो. हे सर्व ज्याने अनुभविले तो मजुरीची घासाघीस करताना थांबतो. "अर्ध्या दिवसाचे तर काम आहे" असे म्हणणे त्याच्या जिभेवर येत नाही. आमच्या मते हा लाभ फडताळाहून मोठा आहे.

ह्या हौसेला एक सीमा मात्र असली पाहिजे, आणि ती झाईच्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसते. तेथील कोळी जाळे फाटले तर स्वतः विणतो. परंतु लाकडी होडीची फळी कुजली, तर तो ह्या कामात मुरलेल्या सुतारास बोलावितो. जाळ्याचे एक घर चुकले तर चार मासे निसटतील. फळीचा सांधा चुकला तर त्याच्याबरोबर गेलेले इतर खलाशी बुडतील. त्याचप्रमाणे आपण केलेला पाट मोडला तर आपणच पडू; पण छपराचे वासे, माडीचा जिना, शाळेतला झोपाळा ह्यांवर दुसऱ्यांचा, विशेषतः लेकरांचा, भार पडतो. तेथे "मलाही जमेल" ही उमेद पुरेशी नाही. शिकलेला हात बोलवावा व त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

तात्पर्य, हत्यार हाती धरण्यात पाप नाही व कमीपणाही नाही. ते कोणासाठी, किती दराने व कोणाच्या जिवावर चालते, हे तीन प्रश्न आपल्या बांधवांनी करवत उचलण्यापूर्वी स्वतःस विचारावेत. उत्तर नीट आले तर सुटीचा दिवस लाकडाच्या भुशात घालविण्यास आमची काही हरकत नाही. आणि गावात सुतार असेल तर पहिला धडा त्याच्याच हाताखाली घ्यावा. आपण त्याचा घास काढावयास आलो नाही, त्याची विद्या मान देऊन शिकावयास आलो आहो, हे त्यास तेव्हाच कळेल.