राजीखुशीचा भाव

भाजीच्या भावात घासाघीस करावी की नाही, हा प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. नीतीची चर्चा करणारे विद्वान त्याच्याकडे फारसे वळत नाहीत. पण पुण्यातला रविवारचा शेतकरी बाजार पाहिल्यापासून तो आमचा पिच्छा सोडत नाही.

उघड्या मैदानावर मांडव आणि प्रत्येक ढिगावर भावाची पाटी. मेथी, वांगी, गुळाच्या ढेपा, बचत गटाच्या बायांची गरम थालीपिठे. गिऱ्हाईक पाटी वाचतो, पिशवी पुढे करतो, पैसे देतो आणि जातो. बोलणेच नाही! आमच्या नांदगाव खंडेश्वरात असा मुका सौदा कुणी केला तर त्याची तब्येत विचारतील. इथे खरेदी 'मावशी, काय भाव?' पासून सुरू होते आणि 'वरून दोन मिरच्या टाक' इथे संपते.

असे बाजार राज्याच्या पणन मंडळाने पुढे आणले आणि संत सावता माळी यांचे नाव त्यांना दिले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत थेट विधानभवनाच्या आवारात असा बाजार भरला. त्याच वर्षी फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला होता. मधला दलाल वगळावा, हा हेतू चांगलाच. पण याच वऱ्हाडात, कारंजा येथे, १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तोही चोख व्यवहारासाठीच. मागे विलायतेतल्या गिरण्यांची कापसाची भूक होती. बाजाराला शिस्त लावणारा ती कुणासाठी लावतो, हे पाहावेच लागते.

आमचे काही शिक्षकबंधू म्हणतात, गरीब विक्रेत्याशी घासाघीस करणे हराम नसले तरी हलकेपणाचे आहे. आम्हाला ते तितकेसे पटत नाही. कुरआनने व्यापाराला अट घातली ती परस्परांच्या रजामंदीची. दोघे बोलले तरच ना ती कळणार? स्वतः प्रेषितांनी (स.) सौदा केला आहे. मोहिमेवरून परतताना हजरत जाबिर (रजि.) यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषितांनी त्याला हाकारले, तो झपाझप चालू लागला. मग त्यांनी उंट विकत मागितला. जाबिर आधी नाही म्हणाले, मग मदीनेपर्यंत स्वार होऊन जाण्याच्या अटीवर तयार झाले. मदीनेत त्यांना किंमत मिळाली आणि उंटही परत मिळाला.

हा किस्सा आम्ही सातवीच्या वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, उंट चालत नव्हता तेव्हाच का नाही मागितला? स्वस्तात भेटला असता." या मुलाचे वडील बाजारात सांभार विकतात. भाव केव्हा पडतो, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

त्या प्रश्नाने आमचा विचार पुढे सरकला. सौदा सुरू झाला तो उंट चालू लागल्यावर. सकाळी दव असलेला सांभार घेऊन बसलेला कास्तकार 'नाही' म्हणू शकतो; त्याच्याशी घासाघीस म्हणजे बरोबरीच्या दोघांची बातचीत. सायंकाळी पाने माना टाकतात, गावाकडची शेवटची गाडी निघायला येते, तेव्हा तोच माणूस म्हणेल त्या भावाला हो म्हणतो. तोंडाने हो म्हटले म्हणून ती रजामंदी झाली काय? मजबुरीचे 'हो' आणि राजीखुशीचे 'हो' यांचा उच्चार सारखाच असतो, एवढेच.

पुण्याची पाटी हा फरक काही अंशी मिटवते, हे मान्य. भाव निदान विकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला असतो. पण त्या पाटीपर्यंत पोहोचतो तो गाडी असलेला किंवा गटात सामील झालेला शेतकरी. वीस जुड्या डोक्यावर घेऊन येणाऱ्या आमच्या मावशीला पुणे कुठले?

आमच्या घरची रीत अशी आहे: सकाळी मनसोक्त घासाघीस करायची, दिवस कलल्यावर सांगेल तो भाव द्यायचा. शेजारचे भाईजान यावर हसतात. म्हणतात, "मास्तर, तुम्ही एक जुडी घेणार. उरलेल्या एकोणीस?"